कोबीराजाचा खुलासा

— मुदत संपली, बाई, एवढंच म्हणतोय मी. रागावू नका. आणि आज नाही संपली, बावीस वर्षांपूर्वी संपली. खुलासा मागायचा तर बातमी आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मागायचा, हा काही माझ्या घरचा नियम नाही, कायद्यातच आहे तसं — तुमच्या वडिलांनाही तेव्हा हेच कळवलं होतं, पेपरच्या छापील कागदावर, रीतसर. बसा ना. उभ्यानं बोललं की भांडल्यासारखं वाटतं. त्या खुर्चीवरचे गठ्ठे खाली ठेवा — ठेवा हो, खुशाल जमिनीवर, सोमवारपासून हे सगळं रद्दीतच जाणार आहे. कॉफी घ्याल? दूध नाहीये. दूध आणायची ती बाई मार्चमध्ये गेली, फोटोवाला एप्रिलमध्ये गेला, आता हार्केनझीलर त्साइटुंगचं संपादक मंडळ म्हणजे मी आणि हे कॉफीचं यंत्र, आणि दोघांतलं एक गळतं. कोणतं ते विचारू नका.

ओल्टमान्स. इमके ओल्टमान्स. खालून बेल दाबून तुम्ही नाव सांगितलंत तेव्हाच ओळखलं मी — कपाळ वडिलांचं घेतलंय तुम्ही. आयलर्ट ओल्टमान्स, नगरपालिकेचे बांधकाम अधिकारी, शहरातला एकमेव माणूस जो खिशात पट्टी घेऊन फिरायचा. खरंच! चर्चच्या पायरीची उंची मोजताना बघितलंय मी त्यांना, नाताळात. कसे आहेत? शहाऐंशी? वा. वा वा. तब्येत — बरं, नाही विचारत. तर तुमचं म्हणणं असं, की शनिवारी माझा निरोपाचा लेख येतोय, सोमवारपासून आमची पानं तिकडे मोठ्या शहरात लागणार, तिथे हार्केनझील कुठे आहे हे नकाशात बघावं लागतं — तर त्याच्या आत, माझ्या हातानं, तुमच्या वडिलांचा खुलासा छापावा. पोहण्याच्या तलावाचं छत त्यांनी मंजूर केलं नव्हतं, असा. आणि खाली ते शेपूट. हो ना? शेपटाचं कोणी सांगितलं तुम्हाला? त्यांनी? अजून आठवतंय त्यांना!

नाही, म्हणजे बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. लोकांना वाटतं खुलासा छापला म्हणजे झालं. काही होत नाही, बाई. खुलासा खरा असो, खोटा असो, कागद नियमात बसला की आम्हाला तो जसाच्या तसा छापावाच लागतो — उद्या एखाद्यानं लिहून दिलं की चंद्र माझ्या गोठ्यात बांधलाय, तरी. हे वाचणाऱ्यांनाही ठाऊक असतं. ते खुलासा वाचतात, पाव चावत म्हणतात, हं, गाठलाय वकील. पण त्याच्याखाली संपादकानं आपल्या मनानं एक ओळ टाकली — ‘अमक्यांचं म्हणणं बरोबर आहे, संपादक मंडळ’ — की मग वेगळं. ती ओळ कुठलं कोर्ट मागू शकत नाही. तिला आम्ही शेपूट म्हणतो. चाळीस वर्षांत किती वेळा टाकली असेल मी? दोनदा. एकदा मधमाशीवाल्यांच्या मंडळासाठी, आम्ही त्यांच्या मधात साखर घातली होती — बातमीत हो, बरणीत नाही. आणि एकदा त्या पाद्र्यासाठी, ज्याला आम्ही एक आठवडा आधी निवृत्त केलं. दोन्ही वेळा जेवायला बोलावलं त्यांनी. संपादकानं चूक कबूल केली की इथे लोक इतके घाबरतात की जेवू घालतात.

तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा विषय टाळतोय. नाही टाळत. तुम्हाला समजावं म्हणून मुळापासून सांगतोय. मी सुरुवात सशांपासून केली. हसू नका, आमच्याकडे सगळे सशांपासूनच सुरुवात करतात. कासेलजवळ एका पेपरात शिकाऊ होतो, पहिल्याच शनिवारी ससेपालक मंडळाच्या प्रदर्शनाला धाडलं. चारशे ससे. मी काय लिहावं — प्राणी, पिंजरे, स्वातंत्र्य, माणसाची क्रूरता — दीडशे ओळी, डोळ्यांत पाणी आणून. आणि फोटोखाली दुसऱ्या नंबरच्या सशाच्या मालकाचं नाव चुकलं. सोमवारी फोन सुरू झाले ते गुरुवारपर्यंत. स्वातंत्र्याबद्दल एक फोन नाही! सगळे त्या नावाबद्दल. आमचे संपादक मला म्हणाले, “वोल्कमार, चॅन्सेलरला चोर म्हण, कोणी कप खाली ठेवणार नाही. पण फोटोत उभ्या असलेल्या माणसाचं नाव चुकव, तो तुझ्या तेराव्या वर्षीच्या चुकाही काढून आणेल.” तेव्हापासून मी नावं तीनदा तपासतो. डावीकडून उजवीकडे, मागची रांग, पुढची रांग, बसलेले. नावाच्या बाबतीत माझ्याइतका काटेकोर माणूस या किनाऱ्यावर सापडणार नाही तुम्हाला. तुमच्या वडिलांचंसुद्धा नाव बरोबरच छापलं होतं आम्ही. ओल्टमान्स, एका ‘न’चाही फरक नाही.

बरं, तो विनोद नव्हता करायला पाहिजे. माफ करा.

चौऱ्याऐंशीत इथे आलो. संपादक म्हणून — म्हणजे चार पानांचा संपादक, बाकीची बारा वरून तयार यायची. गेर्लिंडा, माझी बायको, सोबत होती, नवीन लग्न, तिला वाटलं समुद्राकाठचं गाव, लोक मोकळे असतील. मोकळे! तुम्ही इथल्याच, तुम्हाला काय सांगू. ‘मॉइन’ म्हणायचं, झाला नमस्कार, आणि पुढे जायचं. पहिल्या वर्षी वाटलं ओळख व्हायला वेळ लागत असेल. पाचव्या वर्षी वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. बारा वर्षं झाली, बाई, बारा — या गावातल्या प्रत्येकाचं बारसं, लग्न, लग्नाची पन्नाशी आणि मरण मी छापलं, आणि बेकरीतली बाई आपल्या नवऱ्याला हाक मारून सांगायची, “अहो, तो पेपरवाला नवीन आलाय, त्याला कालचा पाव चालेल का विचारा.” गेर्लिंडा गायनमंडळात गेली, तिला मागच्या रांगेत खांबाआड उभं करायचे. मी फोटो काढायला जायचो, मला माझीच बायको दिसायची नाही. मी हसायचो त्यावर. ती नव्हती हसत.

आणि दर जानेवारीत ती कोबीची यात्रा. तुमचे वडील यायचे की! मागून चालायचे, दारूच्या हातगाडीचं चाक तपासत. मी अकरा वर्षं गेलो, वहीपेन्सिल घेऊन. गळ्यात दोरीला प्याला सगळ्यांच्या असायचा तसा माझ्याही असायचा, त्यात श्नाप्सही ओतायचे, नाही असं नाही — पण समुद्राच्या बांधावरून चालताना दोघंदोघं बोलत जायचे आणि मी विषम. मग खानावळीत तो हिरवा कुरळा कोबी, सॉसेज, डुकराचं मांस, चरबीत न्हालेले बटाटे, आणि शेवटी जुना राजा उठून नवा राजा जाहीर करणार. म्हणायला जो जास्त खाईल तो कोबीराजा, पण राजा कोण होणार हे ताटं वाढायच्या आधी ठरलेलं असतं हे तर सगळ्यांनाच माहीत. बँकेचा मॅनेजर झाला, डॉक्टर झाला, अग्निशमन दलाचा प्रमुख दोनदा झाला. मी दर वर्षी लिहायचो — ‘नव्या राजांचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत झालं.’ अकरा वेळा कडकडाट लिहिला मी. एकदाही टाळी माझ्यासाठी नाही.

शहाण्णव साली राजा होता महापौर. फोको रेंकेन. तो उठला, सगळ्यांकडे बघितलं, माझ्यासमोर येऊन थांबला. मी म्हणजे अर्धं ताटही संपवलं नव्हतं, पोट बिघडलं होतं माझं. त्यानं आपल्या गळ्यातला तो डुकराचा जबडा, राजाची खूण, काढला — तो काय, तुमच्या मागे भिंतीवर, वळून बघा, दात अजून शाबूत आहेत — आणि माझ्या गळ्यात घातला. म्हणाला, “आमचा वोल्कमार.” आमचा! ऐंशी माणसं टेबलं बडवत होती. तुम्ही हसाल, पण मला रडू आलं, बाई. खरंच आलं. डुकराचं हाड गळ्यात आणि हा बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा बाप्या रडतोय. दुसऱ्या दिवशी बेकरीत गेलो तर ती बाई म्हणते, “मॉइन, राजेसाहेब,” आणि ताजा पाव दिला. गायनमंडळात गेर्लिंडा पुढच्या रांगेत आली. तुम्ही पत्रकारितेची तत्त्वं वगैरे म्हणाल, मला सगळी पाठ आहेत, मी शिकाऊ पोरांना शिकवली आहेत. पण बारा वर्षं खांबाआड उभं राहून बघा तुम्ही. मग बोला.

आणि तीन आठवड्यांनी छत पडलं.

सोमवारी पडलं. सोमवारी तलाव बंद. साफसफाईवाल्या बाईची बादली चेपली, बस, एवढीच काय ती हानी. पण आदल्या दिवशी, रविवारी, त्याच पाण्यात प्राथमिक शाळेची पोहण्याची स्पर्धा झाली होती, मी स्वतः फोटो काढला होता, साठ पोरं, सगळ्यांची नावं बरोबर. त्यामुळे गाव खवळलं. कोणाची तरी मान पाहिजेच होती. गुरुवारी संध्याकाळी रेंकेनचा फोन. राजेसाहेब म्हणाला तो मला, वोल्कमार नाही, राजेसाहेब. “छताच्या मंजुरीवर ओल्टमान्सची सही आहे,” म्हणाला. मी म्हटलं, कागद बघू. म्हटलं मी, शपथेवर सांगतो, विचारलं मी! तो म्हणाला, “फाइल वकिलाकडे गेलीय, परत आली की बघ, पण उद्याच्या अंकात गेलं नाही तर त्या मोठ्या शहरातल्या पेपरात आधी येईल.” तेवढं बोलून त्यानं पुढच्या जानेवारीच्या यात्रेला खानावळ कुठली घ्यायची ते विचारलं. राजानं पुढची यात्रा घालायची असते ना. तर मी छापलं. तुमच्या वडिलांना फोन केला होता आधी — म्हणजे, करणार होतो. साडेसहा झाले होते. लोक जेवायला बसतात त्या वेळेला.

मग तुमच्या वडिलांचा खुलासा आला, फॅक्सवर. पाच ओळी. मी दहा हजार खुलासे वाचले असतील, पण इतका आखीव खुलासा नाही बघितला कधी, एक विशेषण नाही त्यात. पण फॅक्स! आणि नियम असा की सही मूळ पाहिजे, शाईची. फॅक्सवरची सही म्हणजे सहीचा फोटो झाला. मी तसं कळवलं त्यांना. त्यात माझं काय चुकलं सांगा? आमच्या वकिलानंही हेच सांगितलं. मान्य आहे, एखादा म्हणाला असता, जाऊ दे रे, छापून टाक. पण आपण जर्मन माणसं, आपल्याला ‘जाऊ दे’ येत नाही, आणि ज्या माणसाला खुलासा द्यायचा नाही त्याच्या बाबतीत तर अजिबात येत नाही. आणि तुमच्या वडिलांनी तरी वाद घातला का? नाही! त्यांना पटलं! तेच तर — पट्टी घेऊन फिरणारा माणूस, त्याला नियम दाखवला की तो गप्प. त्यांनी उत्तर पाठवलं, ‘आपलं म्हणणं योग्य आहे, मूळ प्रत मुदतीत देतो.’ मग मूळ प्रत आली, पण उशिरा. ही बघा फाइल, काढूनच ठेवली होती मी, तुम्ही याल असं वाटलं म्हणून नाही, आवरताना सापडली. मुदत सोळा मे. आणि हा आमचा आवक शिक्का — सतरा. एक दिवस उशीर. मलाही वाईट वाटलं, पण एक दिवस म्हणजे एक दिवस. त्यात सोळाला सुट्टी होती, येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस, आपला पितृदिनही तोच, सगळे बापलोक बिअरची हातगाडी ओढत बाहेर, ऑफिसला कुलूप. घेणार कोण?

आता तुम्ही म्हणाल मी कधी काळजीनं काम केलं नाही. उलट आहे. सुट्टी म्हणजे काय हे गेर्लिंडाला विचारा — आता नाही विचारता येणार, ती दोन हजार नऊमध्ये बहिणीकडे राहायला गेली, ती काही परत आली नाही. पण तेव्हा ती म्हणायचीच, तुझं लग्न त्या टेबलाशी झालंय. नाताळात इथे, ईस्टरला इथे. आता त्याच स्वर्गारोहणाच्या दिवशी बघा, बाहेर ऊन काय पडलं होतं, सगळं गाव बांधावर गात होतं, आणि मी एकटा इथे, याच खुर्चीत, खिडकी उघडी टाकून, यात्रेच्या आमंत्रणांची यादी करत होतो — आणि खाली पत्रपेटीचं झाकण वाजलं तर मी डोकावून बघितलं, म्हटलं आज कोण, तर तुमचे वडील सायकल हातात धरून, टोपी काढून घाम पुसत

…

हं.

हो, तोच शिक्का. बोट उचला त्यावरून.

बरं. ठीक आहे. आली होती. सोळालाच आली होती, दुपारी, तीन-सव्वातीनच्या सुमाराला. मी खाली गेलो, पेटी उघडली, पाकीट फोडलं. निळ्या शाईची सही, खाली पट्टीनं ओढलेली रेघ. तेच पाच ओळींचं, तारखांसकट; ते खरं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं, त्याच्या शेजारी माझी यादी होती, एकाहत्तर नावं, वरून पहिलं नाव फोको रेंकेन. मी दोन्ही कागदांकडे बघत बसलो, अंधार पडेपर्यंत. मी कागद फाडला नाही, बाई. जाळला नाही. मी वाईट माणूस असतो तर जाळला असता. मी नुसता शिक्का दुसऱ्या दिवशी सकाळी मारला. सकाळी, ऑफिस उघडल्यावर, नियमाप्रमाणे — सुट्टीच्या दिवशी शिक्का मारायची पद्धतच नाही आमच्याकडे. बावीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आणि बावीस वर्षं ते मला पुरलं. आता तुमच्यासमोर मोठ्यानं बोललो तर अगदीच चिंधी वाटतंय.

आणि कशासाठी? एक वर्ष राज्य केलं मी. पुढच्या जानेवारीत यात्रा घातली, एकाहत्तर माणसं, अजून म्हणतात लोक, असा कोबी झाला नाही. मग मी उठलो, जबडा काढला, बँकेच्या नव्या मॅनेजरच्या गळ्यात घालायचा तर रेंकेन म्हणाला, तो तूच ठेव आठवण म्हणून, त्याच्यासाठी नवीन आणलाय. झालं. फेब्रुवारीत बेकरीतली बाई परत ‘मॉइन’वर आली. तुमच्या वडिलांना तोवर दफनभूमीच्या खात्यात टाकलं होतं, कबरींमधलं अंतर मोजायला. मी एकदा बघितलं त्यांना तिथे, पट्टी घेऊन वाकलेले. मला बघून टोपीला हात लावला त्यांनी. मला! ओळखीचा माणूस म्हणून. त्या वर्षी शरद ऋतूत घर विकून गेलात तुम्ही लोक. घरविक्रीची जाहिरात आमच्याच पेपरात होती. मला लाज वाटते, बाई. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, गेर्लिंडाला पण नाही, आणि तिला कळलंच असणार, नाहीतर ती त्या जबड्याकडे पाठ करून का जेवायची?

द्या इकडे. तो कागद, तुमच्या पर्समध्ये आहे तो, मघापासून पट्ट्याशी चाळा चाललाय तुमचा. द्या. ‘१६ फेब्रुवारी १९९६च्या अंकात, तलावाच्या छताला मी मंजुरी दिली असं छापलं आहे. हे खरं नाही. मी तीन वेळा लेखी नकार दिला. त्या नकारांच्या तारखा पुढीलप्रमाणे.’ तारखा. सही. पुन्हा पाचच ओळी, एक शब्द वाढवला नाही माणसानं इतक्या वर्षांत. सही हललीय जरा, रेघेच्या वर चढलीय. पण शाई आहे. निळी आहे.

एक वाजता पान बंद होतं. पाऊण झाला. हा बघा माझा लेख, चाळीस ओळी, एक जास्त नाही, वरच्यांनी जागा आखून दिलीय. तुमच्या पाच आणि शेपटाची एक, सहा काढायला पाहिजेत. बघूया काय काढता येतं. अग्निशमन दलाचे आभार, तीन ओळी — ते नाही काढता येणार, माझं घर पेटलं तर? ससेपालक मंडळ — छे, ससेपालक तर अजिबात नाही, मी मेल्यावरही फोन करतील. गायनमंडळ, चार ओळी, गेर्लिंडाचं नाव आहे त्यात, पुढची रांग. ते राहू दे. बांध संरक्षण समिती… नेमबाज संघ… सगळ्यांना एकेक वाक्य दिलंय, एकाचं काढलं तर दुसरा मोजणार. मग उरतं काय? हे शेवटचं. ‘चाळीस वर्षांत माझ्याकडून चुका झाल्या असतील, पण जे खरं ठाऊक होतं ते वाचकांपासून मी कधी लपवलं नाही, कुणाच्या भिडेला बळी पडलो नाही, आणि या समाधानानं आज’ वगैरे वगैरे. किती ओळी आहेत? एक, दोन, तीन, चार… पाच. नेमक्या पाच.

हसलात! पहिल्यांदा हसलात. हसा. गेल्या त्या पाच, ही बघा, काढल्या. तुमच्या वडिलांच्या बसल्या त्या जागी, अक्षरालाही धक्का नाही.

आता शेपूट. एक ओळ पाहिजे. आणि इथे आहेत बघा दोन — ‘शहराचे शिल्पकार, माझे जिवलग स्नेही, माजी महापौर फोको रेंकेन यांचा मी आजन्म ऋणी आहे.’ रविवारी नगरभवनात माझा सत्कार आहे, दोनशे खुर्च्या, भाषण तोच करणार आहे. चौऱ्याऐंशीचा झालाय, पण पेपर चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतो. स्वतःचं नाव नसलं तर परत पहिल्यापासून वाचतो. काय करेल? रविवारी येणार नाही. तो आला नाही की नगरपालिकेचे येणार नाहीत, ते आले नाहीत की नेमबाज येणार नाहीत. मी आणि दोनशे खुर्च्या. आणि ससेवाले, ते येतील, त्यांचं नाव आहे. जाऊ दे — बघा, म्हटलं मी! ‘जाऊ दे’ म्हटलं! काढल्या दोन्ही ओळी. एक ओळ मोकळी राहतेय. राहू दे मोकळी.

‘आयलर्ट ओल्टमान्स यांचं म्हणणं बरोबर आहे.’ लिहिलं. खाली ‘संपादक मंडळ’ लिहितात, पण मंडळ कुठलं आता, कॉफीच्या यंत्राला कशाला गुंतवा. वोल्कमार टाइस. झालं. शनिवारी सकाळी अंक त्यांच्यापुढे ठेवा, चष्मा द्या हातात, आणि — काय? कधीपासून? अजिबातच दिसत नाही? मग आमचा पेपर… तुम्ही वाचून दाखवता. रोज? नऊ वर्षं, रोज, सगळी चार पानं? कशासाठी पण, त्यात काय असतं वाचण्यासारखं… अच्छा. खुलासा आला का ते बघायला. आणि तुम्ही रोज सांगता, आज नाही.

पण मग, थांबा, ही सही. तुम्ही बोट धरून जागा दाखवलीत. म्हणजे मजकूर त्यांनी स्वतः वाचलेला नाही. बाई, हे जरा… न दिसणाऱ्या माणसाची सही असली की साक्षीदार लागतो, दोन, नातेवाईक नसलेले, नाहीतर ती सही धरत नाहीत. नियमच आहे तसा. मी नाही केलेला. आता एकला दहा कमी आहेत, इतक्या घाईत कुठून आणायचे दोन… म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर हा कागद…

…

गेला. दाबलं मी बटण. गेला कागद, आता वरच्यांनी बोंब मारली तरी शनिवारशिवाय परत येत नाही.

उठा आता, जा तुम्ही. आभार नकोत, आभारांवर माझ्या पंचवीस-तीस ओळी खर्च झाल्यात ना, वाचून दाखवताना त्या गाळा, त्यांना त्रास नको. खालून सुरू करा. आणि जाताना दार घट्ट ओढून घ्या.